एकतीस नंबरची खुर्ची

१

कुलूप शाबूत होते, किल्ली एकच होती, आणि खुर्ची नव्हती.

पडदे शिवणारी बाई खोलीच्या दारात उभी होती. हातातली किल्ली तिने अजून खाली केली नव्हती. तिच्या मागे, भिंतीला पाठ लावून, सामानघराचा तपासनीस उभा होता. खोकी जड आहेत, जरा हात लावाल का, असे तिने विचारले म्हणून तो आला होता. राखणदार मावशी मात्र दारातच आडवी आली होती. आज राहू द्या, उद्या या, उद्या हमाल असतो, असे तिने तीनदा सांगून पाहिले होते.

दोघांनी मिळून सतरा खोकी बाहेर काढली. ती दाराच्या तोंडाशी छतापर्यंत रचलेली होती, आणि प्रत्येकावर दोन वर्षांची धूळ इतकी सलग बसली होती की तिच्यावर उमटलेली बोटे आताची, या दोघांचीच, हे कोणीही सांगितले असते. खोक्यांच्या मागे बाईच्या वडिलांची झुलती खुर्ची असायला हवी होती. तिथे नुसती फरशी होती. फरशीवरच्या धुळीत दोन स्वच्छ पट्टे होते, खुर्चीच्या कमानी जिथे टेकल्या होत्या तिथे. पट्ट्यांपलीकडे मागची पत्र्याची भिंत होती, गुळगुळीत, एकही स्क्रू नसलेली.

“एकच किल्ली आहे,” बाई म्हणाली. “माझ्या गळ्यात असते. आंघोळीलासुद्धा काढत नाही.”

काहीतरी धीराचे बोलावे असे तपासनीसाला वाटले. तेवढ्यात तो आवाज आला.

कर्र. मग एका श्वासाएवढा थांबा. मग पुन्हा कर्र.

या इमारतीत सगळ्या भिंती पत्र्याच्या होत्या, त्यामुळे आवाजाला दिशा उरत नसे. तो डोक्यावरून आला असेल, पायाखालून आला असेल, किंवा समोरच्या त्या रिकाम्या जागेतूनच. बाईच्या तोंडचे पाणी पळाले.

“बाबांची खुर्ची,” ती पुटपुटली. “डावीकडे झुकली की अशीच बोलते.”

मावशी एव्हाना मार्गिकेच्या तोंडाशी येऊन उभी राहिली होती. तिला एकदम ठसका लागला, आणि ठसका असा की पत्रे थरथरले. तो थांबला तेव्हा खुर्चीचा आवाजही थांबला होता.

“मी ती आज घरी नेणार होते,” बाई रिकाम्या जागेला सांगत होती. “आईला परत द्यायची होती. दोन वर्षं खोटं बोलले तिच्याशी.”

कोणी हलले नाही. आणि कोणी हलले नाही म्हणून मार्गिकेतला दिवा विझला.

२

दिव्यात दोष नव्हता. कंपनीची मुख्य कचेरी ज्या देशात होती तिथे माणूस सामान ठेवतो आणि निघून जातो. तीन मिनिटे हालचाल दिसली नाही तर दिवा आपोआप मालवावा, हा नियम तिथे शहाणपणाचा होता.

असे नियम कुठे बसतात आणि कुठे टोचतात हे पाहत हिंडणे, हेच तपासनीसाचे काम. एका देशात घरे इतकी चिमुकली की लोक कपाटाएवढी खोली घेऊन तिच्यात हिवाळ्याचे कोट ठेवत, आणि ऋतू बदलला की कोट नेऊन पंखे आणून ठेवत. दुसऱ्या देशात अख्खे घर, होडीसकट, मोटारीने थेट दाराशी येई. आणखी एका देशात लोक वस्तू ठेवून इतके निर्धास्त विसरत की खोली उघडायला त्यांची नातवंडे येत. या सगळ्याचे अहवाल तो लिही, सुबक अक्षरात, आणि त्याच्या स्वतःच्या मालकीचे जे काही होते ते एका पिशवीत मावे. वडील गेले तेव्हा त्यांची खोली त्याने एका दिवसात रिकामी केली होती. फार नीट काम झाले, असे तेव्हा शेजारी म्हणाले होते.

इथली शाखा उघडली त्या वर्षी दोन गोष्टी अडल्या. पहिली खोल्यांची. होडीला पुरेल एवढ्या खोल्या कोणी घेईना. मग मिस्त्रीने प्रत्येक खोलीच्या मधोमध पत्रा उभा करून एकीच्या दोन केल्या. पुढची अर्धी पहिल्या मार्गिकेत उघडे, मागची अर्धी दुसरीत. दुसरी गोष्ट माणसाची. मुख्य कचेरीच्या देशात दाराशी कोणीच बसत नाही; आकडे दाबले की दार उघडते. इथे लोक येत, आत डोकावत, आणि विचारत, “इथे असतं कोण?” कोणी नसते, असे ऐकले की सामान तसेच उचलून परत नेत. राखणदार नेमावा यासाठी तपासनीसाने सात पत्रे लिहिली होती. त्याच्या अबोल आयुष्यातला तो एकमेव हट्ट. त्या हट्टाचे नाव मावशी.

खुर्ची दिसेनाशी झाली त्या दिवशी मावशीच्याच टेबलापाशी बसून त्याने बाईची तक्रार उतरून घेतली. मुख्य कचेरीचे उत्तर घटकाभरात आले. उद्या संध्याकाळपर्यंत खुर्चीचा उलगडा झाला तर ठीक; नाही तर राखणदाराची जागा रद्द, दाराला आकड्यांचे यंत्र.

मावशीने ते ऐकले आणि टेबल पुसायला घेतले. पुसलेलेच पुन्हा पुसत राहिली.

कागद गोळा करताना तपासनीसाची लेखणी खाली पडली. ती उचलायला तो वाकला आणि टेबलाखाली त्याला चपलांचा एक जोड दिसला. लहानशा, बाईमाणसाच्या, टाचेला झिजलेल्या. एका चपलेचा तुटलेला पट्टा जाड हिरव्या दोऱ्याने शिवलेला होता. मावशीच्या पायांत कंपनीचे काळे बूट होते.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने एकेकाला विचारायला सुरुवात केली.

मावशीने कानावर हात ठेवले. आपण इथे कुलपे राखायला बसतो, उघडायला नाही, असे ती म्हणाली. चपलांचे विचारल्यावर तिने त्या कोणाच्या ते सांगितले नाही. विसरल्या असतील कोणीतरी, म्हणाली. मग पदराला हात पुसून तिने त्याच्याकडे सरळ पाहिले.

“हे बघ बाळ, त्या एकतीस नंबरच्या कुलपाला मी कधी बोट लावलं असेल तर हे बोट झडो. आणखी काय सांगू?”

आणखी तिने काहीच सांगितले नाही, आणि तेच त्याला खटकले. एरवी मावशीला एक विचारावे तर ती चार सांगे.

मिस्त्री पलीकडच्या शेडमध्ये फळीला रंधा मारत होता. या इमारतीत भुते आहेत असे सकाळपासून चार जण सांगून गेल्याचे त्याने हसत हसत ऐकवले. चाळीस खोल्यांच्या ऐंशी केल्या, तर भुतांनाही अडचण होणारच, असा त्याचा हिशेब होता. मधले पत्रे कसे बसवले, असे तपासनीसाने विचारले तेव्हा रंधा किंचित अडखळला.

“बसवले. चौकट ठोकली, पत्रा लावला, स्क्रू पिळले.”

“स्क्रू कुठल्या बाजूनं?”

“मी ज्या बाजूला उभा होतो त्या बाजूनं, साहेब. पत्र्यातून हात आरपार जात नाही माझा.” मग जरा थांबून, फळीकडेच पाहत तो म्हणाला, “भुताला स्क्रू काढावे लागत नाहीत. एवढं लक्षात ठेवा.”

उरला होता बाईचा थोरला भाऊ. वडील गेल्यावर खुर्ची मला हवी म्हणून त्याने बहिणीशी भांडण काढले होते. सहा महिने दोघांत बोलणे नव्हते. बाईचा संशय त्याच्यावर होता. तो दूरच्या गावी असे, म्हणून फोनवरच गाठावा लागला. आवाज थकलेला, पण खोटा वाटला नाही. खुर्ची कुठे ठेवली आहे हे आपल्याला आजच कळले, असे तो म्हणाला. धाकटीने त्याला आणि आईला एकच सांगितले होते: खुर्ची एका दवाखान्याला देऊन टाकली. आई दिवसभर त्या रिकाम्या खुर्चीशी बोलत बसे. तिला धाकटीच्या एका खोलीच्या घरात, शिवणयंत्र आणि पडद्यांच्या ढिगाशेजारी आणायचे, तर ती खुर्ची आणून कसे चालेल? मग त्याने विचारले:

“एक विचारू? तुम्ही आईला भेटलात का? परवा फोनवर बोलली माझ्याशी. किती दिवसांनी हसली. बाबा काय म्हणाले ते सांगत होती.”

“पूर्वी कधी म्हणाले ते?”

“नाही हो. परवा दुपारी काय म्हणाले ते.”

फोन ठेवल्यावरही बराच वेळ तपासनीस कानाशी हात धरून बसून राहिला.

४

भिण्याला एक मर्यादा असते. तिच्यापुढे माणूस मोजायला लागतो. तपासनीसाने दिव्यांचे यंत्र उघडले. कुठल्या मार्गिकेतला दिवा केव्हा पेटला याची कागदी फीत त्यात साठत असे. वीज वाचावी म्हणून ती सोय होती. ती वाचायचे मात्र कोणी मनावर घेतले नव्हते. त्याने ती जमिनीवर पसरली आणि तिच्याशेजारी गुडघे टेकले.

दुसऱ्या मार्गिकेतल्या बहुतेक खोल्या रिकाम्या होत्या. तरी गेले तीन महिने तिथला दिवा रोज दुपारी तीन वाजून दहा मिनिटांच्या आसपास पेटत होता. तीन मिनिटांनी विझत होता. साडेचारच्या सुमारास पुन्हा एकदा पेटत होता. मधला सव्वा तास अंधार. म्हणजे कोणीतरी रोज येत होते, आत जाऊन निश्चल बसत होते, आणि मग जात होते. पेटण्याच्या वेळा कधी तीन दहा, कधी तीन बारा, पावसाच्या दिवशी तीन वीस. भूत पावसाने अडत नाही.

मग बाकीचे आपोआप सुटत गेले, उसवलेली शिवण सुटावी तसे. खोक्यांवरची धूळ मोडलेली नव्हती, म्हणजे खुर्ची दारातून गेली नाही. मागच्या पत्र्याला आतून स्क्रू नव्हते, म्हणजे ते पलीकडून होते. पलीकडे, पाठीला पाठ लावून, अठ्ठावन्न नंबर, कागदोपत्री रिकामा, कंपनीच्या कुलपात, आणि त्याची किल्ली मावशीच्या जुडग्यात. मावशीने शपथ घेतली ती कुलपाची. खुर्चीची घेतली नव्हती. आणि तिचा तो ठसका ठसका नव्हता; ती सूचना होती. तो ऐकून कोणीतरी डोलायचे थांबले होते.

कोण, याचे उत्तर चपलेत होते. तो जाड हिरवा दोरा त्याने आणखी एका ठिकाणी पाहिला होता: पडदे शिवणाऱ्या बाईच्या पिशवीच्या बंदावर. तिच्या घरातल्या कोणाची तरी ती चप्पल. आणि घरात मायलेकी दोघीच.

कसे, हे कळले. कोण, हे कळले. पण खुर्ची दवाखान्यात गेली असे ठाऊक असलेल्या म्हाताऱ्या बाईला या इमारतीचा, या नंबराचा पत्ता दिला कोणी?

दुपारचे सव्वातीन वाजत आले होते. त्याने बाईला बोलावणे धाडले आणि मावशीपुढे जाऊन अठ्ठावन्न नंबरची किल्ली मागितली.

मावशीने वाद घातला नाही. जुडगा काढण्याआधी तिने आपली वही उघडली, पानांत खुणेला ठेवलेले एक कार्ड काढले आणि त्याच्या हातात दिले. चार घड्या पडलेले, कडा मऊ झालेले.

“हे घेऊन आली होती ती. म्हणाली, यांनी बोलावलंय.”

त्याने कार्ड उलगडले. वाक्य त्याने ओळखले, कारण ते त्यानेच लिहिले होते.

“मी इथेच आहे. कधी येणार?” आणि खाली इमारतीचा पत्ता, आणि खोली नंबर एकतीस.

मुख्य कचेरीच्या देशात हे कार्ड दर वर्षी प्रत्येक गिऱ्हाइकाच्या घरी जाई. त्यावर वाक्यापेक्षा मोठे चित्र असे: हनुवटीवर हात ठेवून रुसलेला एक गुबगुबीत सोफा. लोक हसत, कार्ड भिंतीला लावत. इथल्या शाखेसाठी ते जुळवून घेताना त्याने अहवालात लिहिले होते की इथल्या घरांत असले सोफे नसतात, चित्र परके वाटेल, वगळावे. चित्र वगळले. वाक्य मात्र त्याला निरुपद्रवी वाटले होते. हसणारे तोंड काढून घेतले आणि आवाज तेवढा ठेवला, हे तेव्हा त्याच्या ध्यानातच आले नाही.

५

बाई साडेतीनला आली. तिला त्याने काही समजावले नाही. नुसते “चला” म्हणाला. दुसऱ्या मार्गिकेत पाऊल टाकताच दिवा पेटला, आणि त्याच क्षणी कर्र, मग थांबा, मग कर्र. बाईने त्याच्या बाहीला धरले. अठ्ठावन्न नंबरचे दार नुसते लोटलेले होते.

आत खुर्ची होती. खुर्चीत मात्र कोणी नव्हते. तिच्यासमोर, जमिनीवर पसरलेल्या जुन्या पडद्यावर, एक म्हातारी अनवाणी बसली होती, आणि एका हाताने खुर्चीची कमान हळूहळू हलवत होती, पाळणा हलवावा तशी.

“ये,” ती मान न वळवता म्हणाली. “आज येशील असं वाटलंच होतं. काल जरा डोळा लागला होता. जाग आली ती तुझ्या आवाजानं. पत्रा पातळ आहे, सगळं ऐकू येतं.”

लेक दारातच राहिली. बोलू लागली तेव्हा तिचा आवाज रागाचा होता, आणि तो राग जिथे जागा मिळेल तिथे जात होता: मावशीवर, तपासनीसावर, आईवर. रोज बागेत फिरायला जाते म्हणून सांगायचीस. घरी तोंडातून शब्द नाही तुझ्या. मला वाटलं, तू खचत चाललीस.

“घरी कशाला बोलू? तू शिवत असतेस. मोजमाप चुकतं तुझं.” म्हातारीने कमान धरून खुर्ची थांबवली. “आणि वेडी नाही हं मी. ते कार्ड छापील होतं हे कळलं मला. पण छापील आमंत्रणालाही माणूस जातोच की.”

मार्गिकेच्या तोंडाशी मावशी येऊन उभी राहिली होती. तिने खालमानेने कबुली दिली. कार्ड घेऊन म्हातारी आली तेव्हा एकतीसची किल्ली तिच्या लेकीच्या गळ्यात होती. एक करार, एक माणूस, एक किल्ली, असा कंपनीचा नियम. लेकीला विचारू का, असे मावशीने म्हटले, तर म्हातारीने हात जोडले: तिला कळले तर ती या वेळी खरेच देऊन टाकील. नुसते बघू दे, एवढेच मागणे होते. मग मावशीने मिस्त्रीला गाठले. अठ्ठावन्नमधून त्याने बारा स्क्रू काढले, पत्रा सरकवला, खुर्ची इकडे घेतली आणि पत्रा पुन्हा पिळून टाकला.

“घरातली वस्तू घरातल्या बाईला दाखवली,” मावशी म्हणाली. “चोरी म्हणायचं तर म्हणा.”

आता सगळे तपासनीसाकडे पाहू लागले. एरवी असा प्रसंग आला की तो वहीत डोके घाली. आज त्याने ते कार्ड पुढे केले आणि सांगून टाकले: हे वाक्य माझे आहे. यावरचे चित्र मी काढायला लावले. तुमच्या दारी हाक पोहोचली ती माझ्यामुळे, आणि अहवालात मावशीच्या नावाआधी माझे नाव येईल.

म्हातारीने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळले.

“तू लिहिलंस होय. मला वाटलंच, यांना एवढं गोड बोलता यायचं नाही.”

लेकीच्या तोंडून हसू आणि हुंदका एकदमच बाहेर पडला. ती आत आली. उंबऱ्यापाशी तिने पायांतले जोडे काढले; का काढले ते बहुधा तिलाही सांगता आले नसते. आईसमोर बसून ती म्हणाली की झाले ते झाले, आजच खुर्ची घरी नेऊ, पडदे दाराबाहेर रचता येतील.

“घरी नको,” म्हातारी म्हणाली. “घरी ते बसले की तू उभी राहशील. तिथे तू अस. इथे ते असू देत. मी जाऊन येऊन करीन.”

“एकटी?”

“मग तूही येत जा. रविवारी कुठे शिवतेस?”

लेकीने खुर्चीच्या हाताकडे पाहिले. लाकडावर वडिलांच्या कोपराने पडलेला खळगा होता. तिने त्यात बोट ठेवले. मग तपासनीसाकडे हात पुढे करून तक्रारीचा कागद मागून घेतला आणि आपल्या सहीवर आडवी रेघ ओढली. तक्रारच उरली नाही, तेव्हा मावशीची जागा घ्यायला यंत्र कशाच्या आधारावर येणार? खुर्ची पुन्हा एकतीसमध्ये येईल, असे म्हणत कराराच्या कागदावर तिने आपल्या नावाखाली आईचे नाव लिहिले, आणि गळ्यातली किल्ली काढून विचारले की हिची दुसरी कुठे करून मिळेल. मिस्त्री करतो, मावशी लगेच म्हणाली, आणि आपण फार लवकर बोललो हे ध्यानात येऊन ओशाळली.

ती टेबलाकडे परत गेली. खोलीत मायलेकी उरल्या, आणि खुर्ची. लेक कमानीला हात लावून पाहत होती. किती जोराने हलवायची ते आई तिला शिकवत होती. कर्र. मग थांबा. पण त्या दोघींच्या हालचाली इतक्या थोड्या होत्या, आणि छतावरचा डोळा दाराबाहेरचेच पाहत असे, की तीन मिनिटे भरली आणि दिवा विझला.

अंधारात कोणी दचकले नाही. म्हातारीला सवय होती. खुर्चीचा आवाज क्षणभर थांबला, इतकेच.

तपासनीस मार्गिकेत उभा होता. अहवालाचे पहिले वाक्य त्याच्या मनात तयार होते: या देशात लोक सामान ठेवून जात नाहीत, ते भेटायला येतात, म्हणून दिवा त्यांच्या मर्जीने विझावा. ते वाक्य मुख्य कचेरीत वाचले जाईल, त्यावर चर्चा होईल, आणि दिवे बदलायला कदाचित वर्ष जाईल.

त्याने पिशवी खाली ठेवली आणि चालायला लागला. दहा पावले पुढे, दहा पावले मागे. दिवा पेटला. दारासमोरून जाताना तो आत पाहत नव्हता. चार वाजले, सव्वाचार झाले. पाय दुखू लागले तरी तो थांबला नाही. साडेचारला म्हातारी उठेपर्यंत दिवा विझला नाही.